दाराला कार्डवालं कुलूप लावायचंय? मग आधी रीडर बघू नका

बहुतेक लोक सुरुवातच रीडरपासून (दाराबाहेरचा कार्ड किंवा बोट वाचणारा डबा) करतात, फिंगरप्रिंट घेऊ की चेहरा ओळखणारं, ॲप आहे का, दिसायला कसं आहे वगैरे. रीडर सगळ्यात शेवटी ठरवा. आधी दारासमोर उभं राहून एवढंच विचारा की लाईट गेल्यावर हे दार सुटायला हवं की बंदच राहायला हवं. त्यावर लॉक ठरतं आणि लॉकवर बाकी सगळं.

ईएम लॉक म्हणजे साधं विजेचं चुंबक, करंट आहे तोवर दारावरची लोखंडी प्लेट धरून ठेवतं, करंट गेला की दार मोकळं. याला फेल सेफ म्हणतात आणि आग लागल्यावर माणसं ज्या दारातून पळणार तिथे फेल सेफच हवं. सर्व्हर रूम किंवा स्टोअरला फेल सिक्युअर स्ट्राईक (चौकटीत बसणारं, दाराची कडी धरून ठेवणारं विजेचं कुलूप) लावता येतो, म्हणजे लाईट गेली तरी बाहेरून बंदच, पण आतून हँडल दाबलं की उघडलंच पाहिजे, तिथे कार्डबिर्ड काही नको.

आता एक चूक जी मी बऱ्याच ठिकाणी बघितलीय. फायर अलार्म वाजला की लॉकची पॉवर तुटावी म्हणून रिले (विजेवर चालणारा स्विच) लावतात, पण तो लावतात पॉवर सप्लायच्या आधी, मेन लाईनवर. मग होतं काय, मेन तुटते आणि सप्लायला जोडलेली बॅकअप बॅटरी इमानेइतबारे दार धरून बसते! रिले बॅटरीच्या नंतर, लॉककडे जाणाऱ्या वायरवरच पाहिजे. आतल्या बाजूला काच फोडायचं किंवा दाबायचं इमर्जन्सी बटणही त्याच वायरवर सिरीजमध्ये टाका (दाबलं की करंट तिथेच तुटतो), म्हणजे कंट्रोलर (कुणाला आत सोडायचं ते ठरवून लॉक चालवणारा डबा) हँग झाला तरी दार सुटतं.

वायर हा दुसरा दुर्लक्षित विषय. समजा लॉक 12 व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतंय आणि तुम्ही 30 मीटर लांबून नेटवर्क केबलच्या एकाच जोडीवर त्याला पॉवर दिली, तर लॉकपर्यंत 10 व्होल्टच्या आसपासच पोचतात, चुंबक ढिलं पडतं, एक जोरात झटका दिला की दार उघडतं आणि शिव्या कंपनीला. जाड वायर वापरा नाहीतर सप्लाय दाराजवळ आणा. प्लेट पण कचकचून आवळायची नसते, मागे रबरी वॉशर असतो तो ठेवा, म्हणजे ती थोडी हलून चुंबकावर सपाट बसते. आणि लॉकच्या दोन टोकांवर 1एन4007 डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) उलटा लावा (लॉकमध्ये आधीच नसेल तर), नाहीतर बंद होताना येणारा झटका हळूहळू कंट्रोलरचा रिले खातो.

बॅटरीचा हिशोब सोपा आहे. लॉक, कंट्रोलर, रीडर मिळून 0.8 अँपिअर धरले तर 7 अँपिअर अवरची बॅटरी कागदावर पावणेनऊ तास चालते, प्रत्यक्षात पाच-सहा तास धरा, जुनी असेल तर अजून कमी.

आता रीडर. 125 किलोहर्ट्झवाली साधी कार्डं फक्त नंबर ओरडून सांगतात, कुलूपबंद काही नसतं, त्यामुळे खिशाजवळ कॉपी मशीन आलं की डुप्लिकेट तयार. 13.56 मेगाहर्ट्झ म्हणजे सुरक्षित असंही नाही, त्यातलं मायफेअर क्लासिक नावाचं कार्ड 2008 सालीच फोडलं गेलंय. नवीन घेताय तर डेसफायर (जास्त पक्क्या एनक्रिप्शनचं कार्ड) घ्या आणि नुसता कार्डावरचा सिरीयल नंबर वाचायचं सेटिंग ठेवू नका, तसं केलं तर महागडं कार्ड घेऊन फायदा शून्य. रीडर ते कंट्रोलर वायगँडच्या (डेटा पाठवायची जुनी पद्धत) वायरीवरून जाणारा डेटा उघडाच असतो, जमलं तर ओएसडीपी (त्याच कामाची नवी पद्धत) घ्या आणि त्यातलं एनक्रिप्शन चालू करायला विसरू नका. फिंगरप्रिंट ऑफिसला ठीक, पण ज्यांचे हात सिमेंटमध्ये किंवा पाण्यात असतात त्यांच्यासाठी कार्ड किंवा पिन ठेवाच, नाहीतर रोज सकाळी दारात रांग. आणि लॉकचा रिले रीडरच्याच डब्यात असेल तर भिंतीवरून रीडर उपटून दोन वायरी जोडल्या की दार उघडतं, म्हणून कंट्रोलर कायम आतल्या बाजूला.

डोअर क्लोजर आणि दाराचा सेन्सर यावर पैसे वाचवू नका, दार नीट मिटलंच नाही तर वरचं सगळं वाया.

झालं की मेन पाडून बघा, मग बॅटरी काढून बघा, फायर रिले चालवून बघा, प्रत्येक वेळी दारापाशी एक माणूस उभा करा. डिफॉल्ट पासवर्ड बदला, कंट्रोलरचं घड्याळ लावा (वेळ चुकली की लॉग, म्हणजे कोण कधी आलं याची नोंद, कशालाच उपयोगी नाही) आणि टेस्टिंगचं मास्टर कार्ड डिलीट करा, ते नेहमी इन्स्टॉल करणाऱ्याच्या खिशातच राहून जातं.