वाल्किरीचं किट जोडायचं अन् रंगवायचं, ते पण परभणीच्या उन्हात

व्हीएफ-1 वाल्किरी हे विमान खरं नाही, 1982 च्या मॅक्रॉस या जपानी ॲनिमे मालिकेतलं आहे, डिझाईन शोजी कावामोरींचं. पण बघितल्या बघितल्या खरं वाटतं, कारण त्याची ठेवण अमेरिकन नेव्हीच्या एफ-14 टॉमकॅटसारखी आहे, मागंपुढं होणारे पंख, मागं दोन शेपट्या, सगळं तसंच. म्हणून माझं म्हणणं एवढंच की याला खेळण्यासारखं चकचकीत रंगवू नका, रोज उडणारं, उन्हापावसात उभं राहणारं विमान समजून रंगवा. मी हासेगावा या जपानी कंपनीचं 1/72 चं, म्हणजे मूळ मापाच्या बहात्तराव्या भागाचं, प्लास्टिकचं किट घेऊन सांगायलोय, ते तयार झालं की वीतभर भरतं, विमानच राहतं, मालिकेतल्यासारखा त्याचा रोबो होत नाही, अन् त्याला गम लागतो.

सगळ्यात आधी पार्ट लागलेल्या प्लास्टिकच्या फ्रेम कोमट पाण्यात भांड्याच्या साबणानं धुवा, साच्याचा तेलकटपणा राहिला की रंग धरत नाही. आता आपल्याकडं बोअरचं पाणी, त्यात क्षार किती ते तुम्हाला माहितीच आहे, वाळल्यावर पांढरे डाग पडतात, तर शेवटचं खळबळून घ्यायला फिल्टरचं पाणी वापरा. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग पातळ करायला अन् डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं, भिजवायला मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरतो, घरात असतंच.

पार्ट कापताना एकदम चिटकून कापू नका. आधी लांबून कटर मारा, मग उरलेला खुंट दुसऱ्यांदा, मग पॉलिश पेपर. 400 पासून सुरू करून 600, 800, 1000 पर्यंत जा, गाडी पेंटिंगवाल्यांकडं वॉटर पेपर मिळतो तो पाण्यात बुडवून घासला तर धूळ उडत नाही अन् ओरखडेपण कमी. चिकटवायच्या आधी प्रत्येक जोड कोरडाच बसवून बघा. गम म्हणाल तर पातळ प्लास्टिक सिमेंट, दोन्ही पार्ट एकमेकाला धरायचे अन् ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं, गम आपोआप आत ओढला जातो अन् प्लास्टिक विरघळून एकजीव होतं. काचेला मात्र तो गम नको, अन् दोन थेंबात चिकटणारा सुपरग्लू तर अजिबातच नको. माझ्या पहिल्या किटची कॉकपिटची काच सुपरग्लूच्या वाफेनं आतून पांढरी धूर धरल्यासारखी झाली, दोन दिवस घासली पण पहिल्यासारखी झाली नाही. तेव्हापासून काचेला फक्त पांढरा फेविकॉल, वाळल्यावर पारदर्शक होतो.

पुढचं चाक हवेत राहून विमान मागं बसू नये म्हणून नाक बंद करायच्या आधी सगळं टेपनं तात्पुरतं जोडून मागच्या चाकांच्या जागी बोटावर तोलून बघा. मागं कलायलंय असं वाटलं तर सायकलच्या दुकानातले छर्रे नाकात चिकटवून टाका, एकदा बंद झालं की मग काही करता येत नाही.

जोडाच्या रेषा पुट्टी लावून घासून घ्या अन् राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, मारा, प्रायमर मारला की राहिलेली एकूणएक फट दिसते, परत पुट्टी, परत घासणं, याला कंटाळू नका. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर प्लास्टिकवर वापरू नका, पार्ट विरघळतो, ते फक्त एअरब्रशचा, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेनाचा, धातूचा कप धुवायला ठेवा. अन् फवारणी करताना खिडक्या उघड्या, जवळपास गॅस किंवा देवाचा दिवा नको, लॅकर, म्हणजे थिनरवरचा उग्र वासाचा रंग, असेल तर साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही, कार्ट्रिजवाला मास्क घ्या.

आता रंग, इथं जरा थांबून सांगतो कारण आपल्या हवेत खरी अडचण इथंच येते. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतो ना आपण, तर एप्रिल-मेच्या दुपारी ॲक्रिलिक रंग नोझलच्या टोकावरच वाळतो अन् विमानापर्यंत जाईस्तोवर त्याची पावडर होते, हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. लोक म्हणतात रंगच खराब आहे, रंग चांगला असतो हो, वेळ चुकलेली असते. पहाटे सहा ते साडेआठ काम करा, रंग दुधाएवढा पातळ करा, त्यात रंग उशिरा वाळवणारं रिटार्डर थोडं टाका, 0.3 मिमीचं नोझल असेल तर हवेचा दाब 15 ते 20 पीएसआय पुरतो, अन् मधून मधून थिनर लावलेल्या ब्रशनं टोक पुसत राहा. पावसाळ्यात उलटं होतं, दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते, त्या दिवशी सरळ काम बंद ठेवा. पहिल्यांदा करत असाल तर आईस्क्रीमच्या प्लास्टिकच्या चमच्यांवर हात बसवून घ्या.

पांढरा रंग लई त्रासाचा. एका थरात झाकायला गेलात की कडेला साचतो अन् रेषा बुजतात. चार-पाच पातळ थर द्या, अन् निव्वळ पांढरा न मारता त्यात राखाडीचे दोन थेंब टाका, एवढ्या लहान मॉडेलवर शुद्ध पांढरा डोळ्यात घुसतो. पट्ट्यांसाठी मास्किंग टेप लावली की तिची कड टूथपिकनं दाबा, आधी कडेवर तोच पांढरा रंग हलका फवारा, मग काळा किंवा पिवळा, म्हणजे रंग खाली झिरपत नाही.

डेकलच्या आधी ग्लॉस क्लिअर, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर, मारायचाच, खरखरीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते अन् चंदेरी चकाकी दिसते. शेपटीवरची कवटी अन् हाडं बसवताना घाई नको, अमेरिकन नेव्हीच्या व्हीएफ-84 जॉली रॉजर्सच्या टॉमकॅटवर अशीच कवटी असायची, सगळ्यांची नजर पहिल्यांदा तिथंच जाते. डेकल मऊ करणारा सॉफ्टनर लावला की ते सुरकुततं, बघून जीव घाबरतो, पण हात लावू नका, वाळता वाळता आपणच ताणून बसतं.

मग पॅनल लाईन, म्हणजे विमानावरच्या कोरीव रेषा. त्यात भरायचा पातळ रंग म्हणजे वॉश, पांढऱ्या विमानाला तो काळा नको, गडद राखाडी घ्या, इनॅमलचा, अन् वाळल्यावर इअरबडला इनॅमलचंच थिनर लावून पुढून मागं पुसा, वारा जसा वाहतो तसं.

झिजलेपणा कुठं दाखवायचा हे इंटरनेटवर शोधत बसण्यापेक्षा एसटी स्टँडवर जाऊन अर्धा तास उभं राहा, मी खरंच जातो. लालपरीच्या दारातल्या पायरीचा रंग मधोमध उडालेला असतो, कडेला शाबूत. सायलेन्सरपाशी काजळी गडद अन् मागं मागं विरळ होत जाते. ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीच्या झाकणाखाली ओघळाचा डाग, बॉनेट वरून फिकट पण बाजूनं तसाच लाल. आता हेच वाल्किरीवर लावा. तिचे इंजिन म्हणजे रोबोचे पाय, नोझल म्हणजे पावलं, हे विमान जमिनीवर चालतं, मग सगळ्यात जास्त मार कुठं बसणार, पावलांना अन् गुडघ्याच्या सांध्याला. तिथंच स्पंजच्या तुकड्यानं गडद राखाडीचे बारीक टिपके द्या, पंखांच्या मधोमध उगाच नको. काजळीसाठी काळ्या खडूची पावडर कोरड्या ब्रशनं. पावलांना मी शेतातली काळी माती वस्त्रगाळ करून चिमूटभर लावतो, ती वाळून भेगाळते तसा तिचा राखट रंग दुसऱ्या कुठल्या बाटलीत मला मिळाला नाही.

शेवटी सगळ्यावर मॅट क्लिअर, तो पूर्ण वाळू द्या, अन् मग रंगवायच्या आधी काचेवर लावलेली टेप टोकदार चिमट्यानं एका कोपऱ्यातून सावकाश उचला. कपाटात ठेवताना खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवा, डेकलचे रंग उन्हानं फिकट पडतात.