तट्टू आयाळ घासतंय? उन्हाळ्यात चिलटांपासून असं वाचवा

उन्हं तापायला लागली की तट्टू आयाळ नि शेपटीचं बूड खांबाला, झाडाला, भिंतीला घासायला लागतं आणि थंडी पडली की आपोआप थांबतं, असं दरवर्षी होत असेल तर ती बहुतेक चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी आहे, डॉक्टर लोक याला स्वीट इच म्हणतात. चिलट म्हणजे जेमतेम १ ते ३ मिलिमीटरचा किडा, त्यातली मादीच चावते, आणि तिच्या लाळेची ॲलर्जी असते. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, त्याच तबेल्यातला दुसरा घोडा मजेत उभा असतो. एकदा ॲलर्जी जडली की ती कायमची जात नाही, म्हणून औषधाच्या मागे धावण्यापेक्षा चिलटाला चावूच द्यायचं नाही आणि ही तयारी खाज सुटायच्या आधीच करायची.

आधी एकदा डॉक्टरला दाखवून घ्या, कारण उवा, खरूज, गजकर्ण यांनीही घोडा घासतो, आणि नुसतं शेपटीखालीच घासत असेल तर जंत असू शकतात.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो वेळेने. चिलटं पहाटे आणि तिन्हीसांजेला जोरात असतात, त्यामुळे सूर्य मावळायच्या तासभर आधी तट्टू आत, आणि सकाळी ऊन चांगलं वर आल्यावरच बाहेर. माथेरान, महाबळेश्वरला घोडा दिवसभर धंद्यावर असतो हे मान्य, पण मग निदान सनसेट पॉइंटची फेरी या घोड्याला देऊ नका, दुसरा घोडा पाठवा. आत बांधल्यावर पंखा लावाच! चिलटाला वाऱ्यात नीट उडता येत नाही, त्यामुळे साधा फॅनसुद्धा चांगलं काम करतो, फक्त वायर तट्टूच्या तोंडाला लागणार नाही अशी वर बांधा. खिडकीला मच्छरदाणीची नेहमीची जाळी लावून उपयोग नाही, त्या भोकांतून चिलटं आरामात आत येतात, त्याहून बारीक विणीची घ्या.

बाहेर सोडायचंच असेल तर झूल घाला, पण नुसती पाठीवरची नको, मान, पोट आणि शेपटीचं बूड झाकणारी हवी. पातळ पांढऱ्या सुती कापडाची शिवून घेतली तरी चालते, जाड कापडात आपल्याकडच्या उकाड्यात जनावर घामाने भिजतं आणि खाज अजून वाढते. आयाळ कापू नका, तेवढंच नैसर्गिक पांघरूण असतं.

वळीव पडला की जास्त लक्ष द्या, कारण चिलटांच्या अळ्या ओल्या चिखलात आणि शेणालिदीत वाढतात. लीद रोज उचलून लांब टाका, हौदाची गळती बंद करा, तट्टू डबक्याजवळ बांधू नका.

संध्याकाळी खरारा करून आयाळीच्या मुळाशी, शेपटीच्या बुडाला आणि पोटाखाली मधोमध खोबरेल तेलात थोडं कडुनिंबाचं तेल मिसळून चोळा, तेलकट कातडीवर चिलट सहज बसत नाही. पहिल्यांदा लावताना रुपयाएवढ्या जागेवर लावून एक दिवस थांबा, नाहीतर तेलाचीच आग व्हायची. परमेथ्रिन या कीटकनाशकाचा स्प्रे चालतो, तो डॉक्टरला विचारून घ्या, पण घरात मांजर असेल तर तिला तो विषारी आहे, लांब ठेवा. आणि हे नीट वाचा, गाईम्हशींच्या गोचिडांसाठी जे अमिट्राझ नावाचं औषध घरात पडलेलं असतं ते घोड्याला कधीच लावायचं नाही, आतडी बंद पडून जीव जाऊ शकतो.

एवढं करूनही खाज सुटलीच तर हाताने आयाळ बाजूला करून बघा, तुटके आखूड केस, खपल्या आणि त्याखाली ओलसर लाल कातडी दिसेल. थंड पाण्याने धुवा, जखम असेल तर डॉक्टरने दिलेल्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने, आणि पावसाळ्यात जखमेत अळ्या पडल्यात का हे रोज तपासा. घोड्याला धनुर्वात पटकन होतो, त्यामुळे ती लस राहिली असेल तर आधी द्या. स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की खाज लगेच थांबते म्हणून लोक परस्पर मेडिकलमधून आणून टोचतात, ते करू नका, त्याने खुराच्या आत सूज येऊन जनावर कायमचं लंगडं होऊ शकतं, आणि छोट्या तट्टूंना तो धोका आधीच जास्त असतो.

नवीन तट्टू घेताना अजून एक बघा. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचा घोडेबाजार डिसेंबरात भरतो, तेव्हा खाज थांबलेली असते आणि जनावर चकाचक दिसतं. आयाळ उलटी करून मुळाशी बोटं फिरवा, कातडी जाड, सुरकुतलेली लागली किंवा शेपटीच्या बुडाचे केस विरळ असले तर उन्हाळ्यात काय होतं ते मालकाला सरळ विचारा. ही ॲलर्जी आईबापाकडून पिलात येऊ शकते, त्यामुळे घोडीला असेल तर कितीही देखणी असली तरी तिच्यापासून शिंगरू घेऊ नका.