जुलाबाचा पेशंट आला की आधी वय बघा

एमबीबीएसनंतरच्या सरकारी सेवेच्या बाँडवर कोकणातलं प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं असेल, तर पाऊस लागल्यापासून गणपतीपर्यंत जुलाब-उलट्यांचे पेशंट रोज येतील. मी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका केंद्रात रुजू झाले तेव्हा प्रत्येक केसपेपरवर 'गॅस्ट्रो' एवढंच लिहायचे आणि जवळजवळ सगळ्यांना त्याच गोळ्या द्यायचे. बाळाचा गॅस्ट्रो आणि आजीचा गॅस्ट्रो वेगळे आजार धरूनच तपासावे लागतात, हे कळायला मला वर्ष गेलं.

सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळात पहिला संशय रोटाव्हायरसचा. आधी उलट्या नि ताप, मग पाण्यासारखे जुलाब. आई सांगते, "दात येतायत त्याला." खरं म्हणजे याच वयात मूल रांगतं, सापडेल ते तोंडात घालतं, आणि आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरलेलं असतं. महाराष्ट्रात 2019 पासून रोटाची लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मिळते, म्हणून लसीकरणाचं कार्ड मागाच. लस घेतलेल्यालाही रोटा होतो, पण बहुधा सौम्य. तिन्ही डोस झालेलं बाळ तरीही जास्त आजारी असेल तर ई. कोलाय किंवा क्रिप्टोस्पोरिडियम या दुसऱ्या जंतूंचा विचार करा. रोटावर अँटिबायोटिक चालत नाही. ओआरएस आणि 14 दिवस झिंक: सहा महिन्यांपर्यंत रोज 10 मिलिग्रॅम, पुढे 20. अंगावरचं दूध चालू, मोठ्या बाळाला पेजही चालू. आपल्याकडे पेज घरोघरी शिजते, हे फार मोठं नशीब आहे.

अंगणवाडीच्या वयात शौचातून रक्त पडलं तर शिगेला हा जंतू समजा. जेमतेम 10 ते 100 जंतू पोटात गेले तरी आजार होतो, त्यामुळे एका घरातली भावंडं पाठोपाठ येतात. इथे मात्र अँटिबायोटिक लागतं.

मोठ्या माणसांत घड्याळ विचारा. पूजेच्या जेवणानंतर एक ते सहा तासांत उलट्यांनी बेजार झालेले लोक आले, तर स्टॅफिलोकोकस जंतूचं विष किंवा शिळ्या भातातला बॅसिलस सेरियस हा जंतू. अर्ध्या ते दोन दिवसांनी घरातले लहानथोर एकामागून एक पडले, तर नोरोव्हायरस. त्याला सॅनिटायझर पुरत नाही, हात साबणानेच धुवायला सांगा. आणि तिसऱ्या, कालवं असले शिंपले खाल्ले का, हे इथे विसरायचंच नाही. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जंतू खाडीच्या कोमट खाऱ्या पाण्यात राहतो. शिंपले नुसते उघडेपर्यंत वाफवले, किंवा मासळी कापलेल्या विळीवरच काकडी चिरली, की साधारण दिवसभरात पोटात कळा आणि जुलाब सुरू.

म्हाताऱ्या माणसांबद्दल जास्त लिहिते, कारण तिथे मी चुकले. एक आजी आल्या, चारच जुलाब झाले होते. "तहान नाही गो मला," म्हणाल्या. मी ओआरएसची पाकिटं हातात देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी मुलाने त्यांना रिक्षातून उचलून आणलं, लघवी जवळजवळ बंद. रक्तदाबासाठी त्या लघवी वाढवणारी गोळी घेत होत्या, आणि मी ते विचारलंच नव्हतं. जिल्हा रुग्णालयात त्या वाचल्या. उतारवयात तहान कमी लागते आणि कातडी तशीही सैल असते, म्हणून चिमटा काढून शोष कळत नाही. जीभ, नाडी, उभं केल्यावरचा रक्तदाब आणि शेवटची लघवी कधी झाली ते बघा. गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतून घ्या. अलीकडेच अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर त्यानंतर आतड्यात माजणारा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू आठवा.

दोन वर्षांवरच्या कुणालाही तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होऊन तीव्र शोष पडला, तर कॉलरा समजून सलाईन ताबडतोब सुरू करा. शौचाचा नमुना अँटिबायोटिकच्या आधी कॅरी-ब्लेअरमध्ये (नमुना लॅबपर्यंत टिकवणाऱ्या माध्यमात) घ्या आणि तालुक्याला त्याच दिवशी कळवा.

ओपीडीच्या रजिस्टरात वयाशेजारी मी पेनाने दोन रकाने आखले आहेत: वाडी आणि विहीर. एका ऑगस्टात तीन दिवसांत एकाच विहिरीचं नाव सात वेळा आलं. वयं बघितली तर चार वर्षांपासून साठीपर्यंत सगळी. सगळ्या वयांचे एकदम आले म्हणजे पाणीच, असं म्हणून मी आरोग्यसेवकाला घेऊन भर पावसात ती वाडी गाठली. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्याची नोंद वहीत होती. पाण्यात क्लोरीन असला की पिवळी होणाऱ्या ओ.टी. टेस्टच्या नळीत पिवळा रंग आलाच नाही.