रिव्ह्यूला कोड पाठवण्याआधी

महापेच्या ऑफिसात नव्या मुलांचा कोड मी तपासते. पहिली नजर व्हेरिएबलच्या, म्हणजे किमती साठवायच्या जागांच्या, नावांवर. ‘टेम्प’, ‘डेटा२’ दिसलं की परत. नावात एकक घाला: नुसतं ‘टाइमआउट’ नको, ‘टाइमआउट_सेकंद’ लिहा. हा माझा चोखंदळपणा नाही. १९९९ मध्ये नासाने मंगळाकडे पाठवलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान गमावलं, कारण जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पाउंड-फोर्स-सेकंदात आकडे देत होतं आणि ते आकडे वापरणारं दुसरं सॉफ्टवेअर न्यूटन-सेकंद धरून चाललं होतं.

मग फंक्शन. इफमध्ये (अटीत) इफ, त्यात लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) असं होत असेल तर नको त्या स्थितीत आधीच रिटर्न करून, म्हणजे फंक्शनमधून बाहेर पडून, मोकळे व्हा. इंडेंटच्या, म्हणजे ओळ आत सरकवण्याच्या, तीनपेक्षा जास्त पातळ्या लागल्या तर प्रोग्रामच सुधारा, असं लिनक्स कर्नलची (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) नियमावलीही बजावते.

कॉमेंटमध्ये, म्हणजे कोडमधल्या माणसांसाठीच्या टिपेत, ‘का’ लिहा. ‘काय’ ते कोड सांगतोच. ‘बँक रविवारी फाइल देत नाही, म्हणून सोमवारी दोन्ही दिवसांची मोजतो’ अशी कॉमेंट मला फार आवडते. टॅब की स्पेस यावर भांडू नका, कोडची मांडणी आपोआप सारखी करणारा फॉरमॅटर लावा.

टेस्टमध्ये शून्य, रिकामी यादी आणि एक मराठी नाव हवंच. ‘क्षितिजा’ घाला. दिसायला तीन अक्षरं, युनिकोडमध्ये ८ कोड पॉइंट (चिन्हांचे क्रमांक), आणि ते साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत २४ बाइट. वीस बाइटवर कापणारा कोड तिथेच उघडा पडतो.

आणि बदल छोटे ठेवा. कोपरखैरण्याहून ठाणे लोकल गाठायच्या घाईत हजार ओळी एकदम टाकल्या, तर त्या कोणी नीट वाचत नाही. मीसुद्धा.