पावसाळ्यात बोन्सायची कुंडी तिरकी ठेवा

बेळगाव-खानापूरकडचा पाऊस एकदा लागला की उघडायचं नाव घेत नाही. बोन्सायची कुंडी उथळ, त्यामुळे तळाशी ओलीचा थर अडकून राहतो आणि मुळं तिथेच कुजू लागतात. अशा वेळी एका कडेखाली कौलाचा तुकडा सारून कुंडी तिरकी करा, मात्र एखादं छिद्र खालच्या बाजूला यायलाच हवं. तिरकेपणामुळे आतल्या मातीची उंची वाढते आणि अडकलेलं पाणी आपल्या वजनानं निथळतं. वड-पिंपळ थोडं सोसतात, जुनिपर (सुईसारख्या पानांचं थंड प्रदेशातलं झाड) अजिबात नाही. त्याला आधी पावसातून आडोशाला हलवा.

पुढच्या वेळी कुंडी बदलताना आपली लाल चिकट माती नुसती भरू नका. तिच्यात विटांचा २ ते ५ मिलिमीटरचा चाळलेला चुरा भरपूर घाला, पण धूळ आठवणीनं काढून टाका.