विनएससीपीमध्ये एस-थ्रीची सीक्रेट की सांभाळताना

विंडोजवरील विनएससीपी या फाइली पाठवण्याच्या प्रोग्राममधून ॲमेझॉनच्या एस-थ्री या ऑनलाइन साठवणसेवेवर फाइली पाठवायच्या, तर 'एकेआयए'ने सुरू होणारा 20 अक्षरांचा ॲक्सेस की आयडी आणि त्याच्या जोडीची 40 अक्षरांची सीक्रेट की लागते. आयडी केवळ नावासारखा आहे; सीक्रेट की मात्र पासवर्डच आहे, आणि तुम्ही खात्याला ओटीपी लावला असला तरी या कीने काम करताना तो सहसा विचारला जात नाही.

सीक्रेट की तयार होताना एकदाच दिसते, म्हणून बहुतेक जण तिची सीएसव्ही फाइल उतरवून घेतात, आणि मग ती डाउनलोड्समध्ये वीजबिलांच्या आणि लग्नपत्रिकांच्या पीडीएफशेजारी महिनोन्‌महिने पडून राहते. की पासवर्ड मॅनेजरमध्ये नोंदवावी आणि ही फाइल रिसायकल बिनमधूनही काढून टाकावी.

विनएससीपीत साइट, म्हणजे जोडणीची माहिती, जतन करताना पासवर्डही (येथे सीक्रेट की) जतन केला, तर तो विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात) किंवा 'विनएससीपी डॉट आयएनआय' या फाइलमध्ये जातो. तेथे आकडे आणि 'ए' ते 'एफ' या अक्षरांची लांबलचक ओळ दिसते. ती पाहून निर्धास्त होऊ नये, कारण हा पासवर्ड फक्त ओळखू येऊ नये इतपतच बदललेला असतो. प्रोग्रामचा सोर्स कोड खुला असल्याने तो कोणालाही पूर्ववत करता येतो. पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर घेऊन फिरणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

यावर उपाय म्हणजे प्रेफरन्सेसमधील 'सिक्युरिटी' या पानावर मास्टर पासवर्ड लावणे. त्यानंतर जतन केलेले पासवर्ड एईएस-256 पद्धतीने खरोखर कूटबद्ध होतात. मास्टर पासवर्ड विसरल्यास ते परत मिळत नाहीत, पण सीक्रेट की नव्याने काढता येत असल्याने हा तोटा सोसण्याजोगा आहे. सामायिक संगणकावर मात्र काहीच जतन न करणे बरे.

मुळात ही की रूट खात्याची, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या मूळ खात्याची, नसावी. त्यासाठी वेगळा आयएएम वापरकर्ता (त्याच ॲमेझॉन खात्यातला, ठरावीक अधिकारांचा वापरकर्ता) करून त्याला नेमक्या एकाच बकेटची (एस-थ्रीतील फाइली ठेवण्याच्या कप्प्याची), आणि केवळ फाइली पाठवायच्या असतील तर पुसण्याचा अधिकार वगळून, परवानगी द्यावी. एका वापरकर्त्याला एका वेळी दोन ॲक्सेस की ठेवता येतात, त्यामुळे बदल करताना काम अडत नाही: दुसरी की काढून विनएससीपीत भरावी, जुनी आधी निष्क्रिय करावी, आणि कोठे काही अडले नाही याची चार दिवस खात्री करूनच ती पुसावी.

सहकाऱ्याला 'माझ्या सगळ्या साइट्स घे' म्हणून आयएनआय फाइल मेलने पाठवण्याची सवयही सोडावी. त्याला त्याचा स्वतंत्र आयएएम वापरकर्ता करून द्यावा.