सुपीरिअर सरोवराच्या गार पाण्यात पॅडलबोर्डिंग करताना

अमेरिकेतील डुलुथ शहराजवळ सुपीरिअर सरोवराचे पाणी मे महिन्यातही साधारण ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यामुळे पॅडलबोर्डिंगला, म्हणजे बोर्डवर (फळीवर) उभे राहून वल्हवायला, निघताना बाहेर लख्ख ऊन असले, तरी कपडे हवेच्या नव्हे, तर पाण्याच्या तापमानाचा विचार करून निवडावेत. ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा अंगभर पोशाख, सर्वांत उत्तम. मात्र पातळ कापडाचा ड्रायसूट स्वतः फारशी ऊब देत नाही, म्हणून आत लोकरीचे कपडे घालावेत, सुती नकोत. चेन लावल्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसावे आणि मानेजवळची रबरी पट्टी बोटाने किंचित ओढून आतली हवा काढून टाकावी, अन्यथा पाण्यात पडल्यावर ती पायांकडे सरकून हालचाल अवघड करते.

मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्त यांचे १-१०-१ हे सूत्र पाठच करावे. पडल्यावर पहिले १ मिनिट केवळ श्वास आवरावा, पुढच्या सुमारे १० मिनिटांत, म्हणजे हातपाय चालतात तोवर, बोर्डवर चढावे. शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. पहिल्याच दचक्यात नाकातोंडात पाणी जाऊ शकते, म्हणून लाइफ जॅकेट बोर्डला बांधून ठेवण्यात काहीच अर्थ नाही. ते अंगावरच हवे. आपल्याला बोर्डला जोडणारी दोरी, म्हणजे लीशही विसरू नये, कारण रिकामा बोर्ड वाऱ्याबरोबर पोहणाऱ्यापेक्षा वेगाने जातो.

उबदार खोलीत हवा भरलेला बोर्ड थंडीत मऊ पडतो, तेव्हा दाब किनाऱ्यावर पुन्हा तपासावा. वारा जमिनीकडून सरोवराकडे वाहत असेल, तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नये.